जादा पाटा

मोहझरी, मार्गे आलापल्ली
१४ जुलै २०२४

प्रिय भाची दिव्या,

जय भीम. परवा तू शेजारच्या वारलूच्या फोनवर फोन केला होतास. तू बोलत होतीस एवढं कळलं, काय बोललीस ते कळलं नाही. इंजिनाशेजारी बसून उजवा कान गेलाच होता, आता डावाही निम्मा राहिला आहे. मी नुसतं हो हो म्हणत गेलो. वारलू हसत होता. म्हणून हे पत्र. पोस्टमन आलापल्लीहून येतो, उशिरा येतो पण येतो. तूही पत्रच लिही.

तुझं काम गाड्यांची मागची बाजू तपासायचं आहे असं तुझी मामी कमला सगळ्यांना सांगायची. कोणाला त्यातलं काही कळत नसे, तरी सांगायची. आज मला त्याचं काम पडलं आहे.

उन्हाळ्यात मी चंद्रपूरला धनराज मिस्त्रीकडे जीपचे मागचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, करून घेतले. जुने पाटे बसले होते. मी त्याला म्हणालो, गाडी भरून चालते, मागे दबते, मजबूत करून दे. त्याने सगळ्या पाट्यांची कमान वाढवली आणि वर एक जादा पाटा टाकला. गाडी मागून चांगली उंच झाली. पण तेव्हापासून सागवनातल्या वळणांवर बूड बाहेर जातं. मी स्टिअरिंग धरून पुढे बसलो आहे आणि मागे दुसरा कोणी दुसरं स्टिअरिंग धरून बसला आहे, असं वाटतं. टायर नवे आहेत.

तू माझ्याकडे राहून शाळा शिकलीस, गाडी कशी भरते ते तुला माहीतच आहे. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून विचारतो. सोळा ऑक्टोबरला दरवर्षीसारखी गावची माणसं घेऊन चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जायचं आहे. त्याआधी याचं काही व्हायला पाहिजे.

बाकी ठीक. नाल्यावरचा पूल एकदाचा झाला. आता पाणी रस्त्यावरून जात नाही.

तुझा मामा,
खुशाल


चाकण
२४ जुलै २०२४

प्रिय मामाजी,

जय भीम. तुमचं पत्र ऑफिसात डबा खाताना वाचलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, तुमच्याकडे अजून पत्रं येतात? मी म्हटलं, येतात.

आता रागावू नका. तुमची जीप मला चांगली आठवते. आत माणसं, मागच्या फळीवर माणसं, छतावर गाठोडी आणि गाठोड्यांवर माणसं. मामी स्टँडवर उभी राहून ओरडायची, "बसा ना भाऊ, जागा खूप आहे," आणि जागा कुठेच नसायची. एवढं वजन उंचावर गेलं की गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला झुकणारच. तेव्हा आधी छतावर कोणालाही बसवू नका. आतली माणसंही कमी करा. हे भाची म्हणून नाही, गाड्या तपासणारी बाई म्हणून सांगते.

मग पाट्यांच्या दोन्ही टोकांना जिथे बोल्ट आहे तिथले रबरी बुश बघा. खिळखिळे असतील तर मागची चाकं जोडणारा एक्सल जागा सोडतो. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळून घ्या. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी ठेवा. एवढं करून कळवा.

मी मजेत आहे. खोलीवर आम्ही तिघी आहोत, गप्पांत वेळ जातो.

तुमची,
दिव्या


मोहझरी
६ ऑगस्ट २०२४

प्रिय दिव्या,

जय भीम. बुश नवेच आहेत. यू-बोल्ट आलापल्लीला आवळून घेतले. हवा सारखी केली.

तू सांगितलंस म्हणून छतावर कोणाला बसवत नाही. आतलीही माणसं कमी केली. तरी तसंच. उलट कधी रिकामा परत आलो तर जास्त करते. उतारावरचं तिसरं वळण आहे, जिथे एकदा अस्वल बघितलं म्हणून तू सीटखाली लपली होतीस, तिथे मी आता पायी चालल्यासारखा जातो. एका चाकाखाली खड्डा आला तरी गाडी मागून कूस बदलते.

काल वारलू रस्त्यात उभा होता. मी ब्रेक दाबला. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "काऊन भाऊ, गाडीले हवा खावाले नेऊन राह्यला का?" त्याला मस्करी सुचते. त्याची मोहफुलं यंदा चांगली गेली.

तुम्ही तिघी आहात हे वाचून बरं वाटलं. एकटं राहणं चांगलं नाही.

तुझा मामा


चाकण
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय मामाजी,

जय भीम. रिकामी असली की जास्त करते, हे तुम्ही पत्राच्या मधोमध सहज लिहून टाकलंत. पण सगळं त्यातच आहे. मी चुकीच्या बाजूने विचार करत होते. दोष ओझ्यात नाही, पाट्याच्या उतारात असणार.

एक काम करा. हातभर काडी घ्या. तिचं एक टोक डाव्या मुठीत भिंतीपाशी घट्ट धरा, दुसरं टोक तिरकं खाली सोडा. भिंतीशी धरलेलं टोक म्हणजे पाट्याचा पुढचा डोळा, जो बोल्टने चासीला अडकवलेला आहे. खालचं टोक म्हणजे मागचा एक्सल. आता खालचं टोक हळूहळू वर उचला. ते नुसतं वर जात नाही, भिंतीपासून लांबही जातं. आणखी खाली सोडलं तर भिंतीकडे येतं. दिसलं?

वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते. तिकडचं चाक गाडीच्या मानाने वर जातं, आणि वर जाता जाता मागे सरकतं. आतल्या अंगाचं चाक खाली लोंबतं आणि पुढे येतं. एक चाक मागे, एक पुढे, म्हणजे एक्सल तिरका झाला. मागची चाकं वळणाच्या बाहेर बघायला लागतात आणि बूड बाहेर नेतात. तुमच्या मागे दुसरं स्टिअरिंग धरून बसलेला आहे तो हाच. तुम्हाला भास झालेला नाही.

आता काडी आडवी धरा, जमिनीला समांतर. टोक थोडं वर-खाली करा. पुढे-मागे जवळजवळ काहीच होत नाही. भरलेल्या गाडीत असंच होतं. वजनाने अंग खाली बसतं, पाटा आडवा होतो आणि एक्सल सरळ राहतो. धनराजने पाटा भरलेल्या गाडीसाठी बसवला आहे, आणि भरलेल्या गाडीत तो बरोबरच असायला पाहिजे. मग तुम्हाला रोज का त्रास व्हावा, हे मला कळत नाही.

म्हणून दोन मापं हवीत. सपाट जागी गाडी उभी करा. पाट्याचा पुढचा बोल्ट एक्सलच्या मध्यापेक्षा किती उंच आहे ते एकदा रिकाम्या गाडीत बघा, आणि एकदा सगळ्या सीट भरल्यावर. टेप नसली तर वीत आणि बोटांनी चालेल.

दिव्या


मोहझरी
२ सप्टेंबर २०२४

प्रिय दिव्या,

जय भीम. काडीचा खेळ केला. कमलाच्या फोटोशेजारच्या भिंतीवरच केला. अंगणातून कोणी बघितलं असतं तर म्हातारा भिंतीला काडी लावून काय करतो म्हणालं असतं. पण कोणी नव्हतं. तू शिकवतेस चांगलं.

मापं घेतली.

रिकामी: पुढचा बोल्ट एक वीत उंच.
भरलेली: वीत उणी एक बोट.

आता काय करायचं ते लिही. पाऊस थांबत नाही. सागाची पानं रस्त्यावर पडून भिजतात, त्यावर गाडी साबणावर चालल्यासारखी चालते. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझा मामा


चाकण
११ सप्टेंबर २०२४

प्रिय मामाजी,

जय भीम. हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

माणसं आणि त्यांची गाठोडी बसल्यावर पाटा एक बोटच दबत असेल तर तो पाटा नाही, रेल्वेचा रूळ आहे. जादा पाटा टाकला तरी निदान चार बोटं दबायलाच पाहिजे. तुमचं पहिलं माप मोजलेलं आहे. दुसरं तुम्ही मनाने लिहिलं आहे.

मला आधी वाटलं, घाई केली असेल. मग सगळी पत्रं पुन्हा वाचली. मी माणसं कमी करा म्हणाले तर तुम्ही एका शब्दाने वाद घातला नाही. तुम्ही, जे एका माणसासाठी पेपरमिल फाट्यापर्यंत परत जायचे. गाडी रोज वळणावर बूड टाकते, आणि पाट्याच्या उतारावरून सांगायचं तर ते फक्त रिकाम्या गाडीतच होऊ शकतं. आणि पूल झाला असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पूल झाला म्हणजे बस आली असणार.

मामाजी, गाडीत कोणी नसतं ना?

दिव्या


मोहझरी
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय दिव्या,

जय भीम. नसतं.

बस एप्रिलपासून येते. सकाळी एक, दुपारी एक. बायकांना अर्धं तिकीट. छत गळत नाही, सीट भरायची वाट बघत बसावं लागत नाही, वेळेवर सुटते. मीही दुसरा असतो तर बसनेच गेलो असतो. पहिले काही दिवस लोक बसच्या थांब्यावर उभे राहून माझ्याकडे बघायचे नाहीत. सुकरीबाई तर पाठ करून उभी राहायची. तिच्या दोन्ही बाळंतपणांना मी गाडी काढली होती. एके दिवशी मीच थांबलो आणि म्हणालो, "बाई, बसनं जात जा, मले काही वाटत नाई." तेव्हापासून ती बघते.

धनराजकडे मे महिन्यात गेलो तेव्हा गाडी महिनाभर रिकामी चालत होती. त्याने विचारलं, भाऊ, सवारी कशी आहे? त्याच्या गॅरेजात चार-पाच ड्रायव्हर बसले होते, सगळे ओळखीचे. मी म्हणालो, पाय ठेवाले जागा नाई. तो खूश झाला. म्हणाला, मग एक पाटा वाढवतो.

तू विचारशील, रिकामी गाडी काढतोच कशाला. घरी बसलं की कानात शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतात, ती जाणार नाही. इंजिन चालू केलं की ती झाकली जाते. म्हणून सकाळी जुन्या वेळेला निघतो, आलापल्लीच्या स्टँडवर उभा राहतो, दुपारी परत येतो. स्टँडवर चहावाला न विचारता कप आणतो. एवढं तरी आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आलापल्लीला जाताना तिसऱ्या वळणावर गाडी फिरली. पूर्ण फिरली. थांबली तेव्हा तोंड मोहझरीकडे होतं आणि मागचं चाक नालीच्या काठावर. कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला लागलं नाही.

तू आता लिहिशील की जादा पाटा काढून टाका. मी काढणार नाही. काढायचा म्हणजे धनराजला सांगावं लागेल. आणि तुला खरं सांगतो, दर पावसात मी पुलाकडे बघून येतो. वाहून गेला तर माणसं परत माझ्याकडेच येतील, तेव्हा तो पाटा लागेल. असा विचार माणसाने करू नये. पण करतो.

तुझा मामा


चाकण
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामाजी,

जय भीम. हे पत्र स्पीडपोस्टने पाठवते, सोळा तारखेआधी मिळावं म्हणून.

पूल वाहून जाणार नाही. आजकालचे पूल कधी कधी जातात हे मलाही माहीत आहे, पण तुम्ही त्या भरवशावर गाडी चालवू नका. भरलेल्या गाडीसाठी बसवलेला पाटा घेऊन तुम्ही रिकामे हिंडता. दर वेळी चाक नालीच्या काठावरच थांबणार नाही.

इथे मी ज्या गाड्या चालवते त्यांच्या सीटवर माणसं नसतात. माणसाच्या आकाराचे प्लास्टिकचे पुतळे असतात, त्यांत पाणी भरतात. चौघे बसवले की गाडी म्हणते, चौघे आहेत. मी त्यांना पट्टे लावते आणि कंपनीच्या चाचणीच्या रस्त्यावर फेऱ्या मारते. मागच्या महिन्यात एका वळणानंतर मी आरशात बघून त्यांना विचारलं, "लागलं नाही ना?" मग गाडी बाजूला घेतली. खोलीवर आम्ही तिघी होतो ते खरं आहे. दोघी जूनमध्येच खोली सोडून गेल्या.

हे लिहिलं ते तुम्ही माझी काळजी करावी म्हणून नाही. तुम्ही मला खरं लिहिलंत म्हणून.

धनराजकडे जा. जादा पाटा काढायला सांगा आणि कमान उतरवून घ्या. पुढचा बोल्ट आणि एक्सल जवळजवळ एका उंचीवर आले पाहिजेत, रिकाम्या गाडीत. हे शब्द त्याला तसेच सांगा. रिकाम्या गाडीत. ते म्हटल्याशिवाय तो बरोबर बसवू शकणार नाही. त्याने चूक केलेली नाही, तुम्ही सांगितलं तसंच केलं.

तोपर्यंत सागवनातून सायकलच्या वेगाने जा.

दिव्या


मोहझरी
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय दिव्या,

जय भीम. पंधरा तारखेला सकाळी निघालो. गावची माणसं बसने गेली, जादा बस सोडली होती. मी त्यांच्या मागे मागे होतो. बसच्या मागच्या काचेतून पोरं हात हलवत होती.

आधी धनराजकडे गेलो. गर्दीचे दिवस, सगळे ड्रायव्हर फेऱ्यांवर, म्हणून गॅरेजात इतर कोणी नव्हतं, ते बरं झालं. मी म्हणालो, पाटा काढ, कमान उतरव. त्याला वाटलं त्याचं काम बिघडलं. तोंड उतरलं त्याचं. म्हणाला, "भाऊ, तुमीच तं सांगतलं, पाय ठेवाले जागा नाई."

मी म्हणालो, "खोटं सांगतलं होतं. रिकामी चालते."

तो पाना घेऊन खाली बसला. मग म्हणाला, "बरं, सीट किती धरू?"

"एक."

"कोण बसते?"

"मी."

तो हसला. म्हणाला, "ड्रायव्हरले सीटात कोणी धरते का भाऊ. तं मंग गाडी रिकामीच झाली."

मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरकून गाडीखाली गेला. खूप वेळ खालीच होता. तेवढ्या वेळाचं काम नव्हतं ते. बाहेर आला तेव्हा म्हणाला, वहिनी गेल्यापासून तुम्ही जेवाले थांबत नाही, आज थांबा. मी थांबलो. त्याच्या घरी वांग्याची भाजी होती. त्याची सून माझ्याशी मोठ्याने बोलत होती, कोणीतरी तिला सांगितलं असणार.

सोळाला दीक्षाभूमीवर गेलो. एवढी माणसं, आणि मला त्यांचा आवाज दुरून पाऊस यावा तसा येत होता. वंदना सुरू झाली ते ओठांवरून कळलं. मीही म्हटली. कमला असती तर तिने माझ्या कानात एक एक शब्द सांगितला असता, चारचौघांत, लाज न बाळगता.

परत येताना सागवनात आलो तेव्हा ऊन होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मी सवयीने स्टिअरिंग घट्ट धरलं. काहीच झालं नाही. गाडी आपली सरळ निघून गेली. तू सांगितलंस तसंच झालं, तुझं शिक्षण वाया गेलं नाही.

पण तुला म्हणून लिहितो, मला बरं वाटलं नाही. इतके महिने त्या वळणावर गाडी माझ्याशी भांडत तरी होती.

तुझा मामा


चाकण
३० ऑक्टोबर २०२४

प्रिय मामाजी,

जय भीम. धनराजला सांगा, आमच्याकडे रिकाम्या गाडीचं वजन करतात तेव्हा त्यात ड्रायव्हरचं वजन धरतात. कोणाची दया म्हणून नाही. ड्रायव्हर नसेल तर गाडी वळतच नाही, मग तिचं मोजायचं काय? त्याच्या हिशोबात तुम्ही नसाल, आमच्या हिशोबात आहात.

पाटा बरोबर बसला आहे, पण मला तो स्वतः बघायचा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळाली. मी मागच्या सीटवर बसेन, एक्सलच्या बरोबर वर. एक्सल तिरका होत असेल तर पुढे बसणाऱ्याच्या आधी मागे बसणाऱ्याला कळतं. मला जे सांगायचं असेल ते मी गाडी थांबल्यावर तुमच्या डाव्या कानात सांगेन, चालत्या गाडीत ओरडणार नाही.

आलापल्लीला मी दुपारी उतरेन. तिथून मोहझरीची बस लगेच मिळते, मी चौकशी केली. ती मी सोडून देणार आहे. तुम्ही येईपर्यंत स्टँडवर बसते.

तुमची,
दिव्या